परदेशातला शनिवार-रविवार

द्वितीय वर्ष, कला

बारामती म्हटले की आज लोकांना साखर कारखाने, औद्योगिक वसाहत आणि राजकारण आठवते. परंतु मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला आधी आठवतात ते मोरोपंत. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेला हा कवी कऱ्हेकाठी बारामतीत स्थिरावला आणि १७९४ साली इथेच त्याने देह ठेवला. मोरोपंतांच्या नावावर सांगितली जाणारी एक आर्या आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेली आहे. माणसाच्या अंगी शहाणपण कशाने येते, याचे उत्तर त्या आर्येत आहे. मुलूख पाहावा, जाणत्यांशी मैत्री करावी, चारचौघांच्या सभेत वावरावे आणि ग्रंथ नजरेखालून घालावेत, असा तिचा आशय. गंमत अशी की, या चारांपैकी शेवटच्या एकाच गोष्टीला आपण शिक्षण म्हणतो. पहिल्या तिन्हींना घरची माणसे ‘हिंडणे’ म्हणतात!

परदेशी शिकणारे विद्यार्थी शनिवार-रविवारी मित्रमंडळींबरोबर एखादे मोठे शहर पाहायला जातात, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वरवर हलका वाटेल. मलाही तो तसा वाटला असता. परंतु माझा एक मामेभाऊ इंदापूर तालुक्यातल्या खेड्यातून इंग्लंडमधील लेस्टर या शहरी एम.एस्सी. करायला गेला. मामांनी जमीन तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले. दोन महिने झाले नाहीत तोच त्याने लंडनचे फोटो पाठविले. चौघे मित्र पुलावर उभे राहून हसत आहेत, असे ते फोटो. मामीने ते निरखून पाहिले आणि मला विचारले, “ह्याला शिकाय धाडलंय, का हिंडाय?”

मला तो प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सहलीची वर्गणी मागताना हाच प्रश्न मलाही ऐकावा लागला आहे. शिवाय ज्या घरात पैसा उसाच्या बिलाबरोबर येतो आणि खताच्या बिलाबरोबर जातो, त्या घराला असा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणून मामेभावाला खोदून खोदून विचारले, ग्रंथालयातली पुस्तके चाळली आणि जे उमगले ते वाचकांपुढे मांडत आहे.

रविवार कोणी दिला?

आपल्याकडे शेतकऱ्याला रविवार नसतो. उसाला पाण्याची पाळी आली की रविवार काय आणि दिवाळी काय! खेड्यातली सुट्टी म्हणजे आठवड्याचा बाजार, जत्रा आणि पालखीचा मुक्काम. त्यामुळे दर आठवड्याला दोन दिवस मोकळे असणे, ही कल्पनाच आपल्याला श्रीमंतांची चैन वाटते. वास्तविक ती श्रीमंतांनी दिलेली नाही, कामगारांनी मिळविलेली आहे. इंग्लंडमध्ये १८५० सालच्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविणे भाग पाडले. शनिवारच्या अर्ध्या सुट्टीची चाल तेथून वाढत गेली आणि पुढे विसाव्या शतकात ती सबंध दिवसाची झाली.

आपल्याकडचा रविवारही असाच झगडून मिळालेला आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. तेव्हा सुट्टीचा दिवस हा आळसाचा दिवस नव्हे. मजुराला माणूस म्हणून जगण्यासाठी मिळालेला तो दिवस आहे. विद्यार्थ्यानेही तो त्याच दृष्टीने वापरावा.

सहलीचा हिशेब

आता प्रत्यक्ष सहल कशी घडते ते पाहू. लेस्टरपासून लंडन सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे इंदापूर-पुणे अंतरापेक्षा थोडे अधिक. आगगाडीने सव्वा तास लागतो, बसला सुमारे तीन तास. विद्यार्थी बहुधा बसनेच जातात, कारण ती स्वस्त पडते. आगगाडीने जायचेच झाले तर सोळा ते पंचवीस वयाच्या प्रवाशांना एक सवलत कार्ड काढता येते, त्यावर तिकिटाचा तिसरा हिस्सा वाचतो. आपल्या एसटीचे तिकीट आज काढा की महिनाभर आधी, दरात फार मोठा फरक पडत नाही. तिकडे तसे नाही. तिकीट जितके आधी काढावे तितके स्वस्त, आणि ऐन वेळी तेच तिकीट दुपटी-तिपटीने महाग. म्हणजे तिथली सहल ही लहर नसते, तिला महिनाभर आधी डोके चालवावे लागते.

मुक्काम असतो युवक वसतिगृहात. या वसतिगृहांची जन्मकथा मोठी वाचनीय आहे. रिचर्ड शिरमान नावाचा एक जर्मन शाळामास्तर १९०९ च्या ऑगस्टमध्ये आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वाटेत वादळी पावसाने गाठले आणि सर्वांनी एका खेड्यातल्या रिकाम्या शाळेत रात्र काढली. त्या रात्री त्याच्या मनात आले, सुट्टीत शाळा ओस पडतात, त्यांत मुलांची निजण्याची सोय का करू नये? त्यातून १९१२ साली आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे युवक वसतिगृह उभे राहिले. धुराने भरलेल्या कारखानदारी गावांतल्या मुलांना मोकळी हवा व देश पाहायला मिळावा, हा त्यामागचा हेतू. आज युरोपभर अशी वसतिगृहे आहेत. एका खोलीत सहा, आठ, बारा खाटा, एकावर एक. स्वयंपाकघर सामाईक. आपले आपण रांधावे आणि भांडी घासून ठेवावीत.

समजा, जाण्यायेण्याच्या बसला २० पौंड लागले, एका रात्रीच्या खाटेला ३० पौंड आणि दोन दिवसांच्या जेवणाला १५ पौंड. लंडनच्या शहर बसचे तिकीट २०२५ साली १ पौंड ७५ पेन्स होते. त्या एका तिकिटावर तासाभरात कितीही बस बदलता येत, आणि दिवसभर फक्त बसनेच फिरले तर ५ पौंड २५ पेन्सच्या वर पैसे कापले जात नसत. दोन दिवसांचे झाले साडेदहा पौंड. एकूण साडेपंचाहत्तर. पौंडाला सुमारे ११५ रुपये धरले तर हे साडेआठ हजारांच्या वर जाते. एवढ्या पैशांत आमच्या घरी महिन्याचा किराणा भरतो. मामी दचकली ती उगीच नाही.

परंतु हाच हिशेब तासांत मांडून पाहावा. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२५ पासून एकवीस वर्षांवरील कामगाराचे किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स ठरले. म्हणजे ही सहल सुमारे सव्वासहा तासांच्या मजुरीची आहे. दुकानात माल लावणे, भांडी घासणे, गोदामात खोकी भरणे अशी ती मजुरी. पदवी वा त्यापुढचे शिक्षण घेणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करण्याची मनाई आहे. मर्यादा ओलांडली तर व्हिसाच धोक्यात येतो. म्हणजे एका सहलीत आठवड्याच्या कमाईचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो, आणि त्या कमाईवर पहिला हक्क खोलीच्या भाड्याचा असतो. त्यामुळे फोटोंवरून आपल्याला वाटते तशी ही गोष्ट दर आठवड्याची नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा जमते. फोटोत हसू दिसते, खोकी दिसत नाहीत.

तरीही ‘मग जावेच कशाला?’ हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मला मोरोपंतांच्या त्या आर्येत सापडले.

मुलूख पाहणे

लंडनच्या चॉक फार्म स्टेशनवर उतरून थोडे चालले की किंग हेन्रीज रोड लागतो. त्यावरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेथे स्मारक खुले झाले. राहत्या वस्तीत संग्रहालय नको, अशी हरकत पुढे निघाली होती. अखेर २०२० साली ब्रिटिश सरकारने स्मारकाला परवानगी दिली. मामेभाऊ लंडनला गेला तेव्हा त्याने सर्वांत आधी हेच घर पाहिले.

या घराची कथा कर्ज काढून शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. बाबासाहेब १९१६ साली न्यूयॉर्कहून लंडनला आले, अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. पण बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठविला, शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले, तेव्हा कुठे १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. पुढे तीन वर्षांत एम.एस्सी., बॅरिस्टरी आणि डी.एस्सी.पर्यंत त्यांनी मजल मारली. तेव्हा उसन्या पैशांवर सातासमुद्रापलीकडे शिकणे ही काही आमच्या पिढीची नवलाई नव्हे. त्या घरासमोर उभे राहणाऱ्या आमच्याकडच्या मुलाला जे कळते, ते वर्गात सांगून कळत नाही. ज्या घराण्यात कोणी शिकले नाही, त्या घराण्यातल्या मुलाचाही या शहरावर हक्क आहे, हे ते घर त्याला सांगते.

लंडनमध्ये मराठी माणसाच्या अशा खुणा आणखीही आहेत. चिरोल यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये हॉवली प्लेस येथील १० क्रमांकाच्या घरात राहत होते. तिथे निळी पाटी आहे. खटला हरला, पण पाटी राहिली! हायगेट भागातल्या क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर श्यामजी कृष्णवर्मांचे इंडिया हाऊस १९०५ मध्ये उघडले आणि १९०६ पासून सावरकर तेथे विद्यार्थी म्हणून राहत होते. या जागा पाहायला एक पैसाही पडत नाही.

ग्रंथ पाहणे

बाबासाहेबांचा मुक्काम खऱ्या अर्थाने होता तो ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. त्यांच्या घरापासून हे म्युझियम पायी तासाभराच्या आत आहे. वाटेत प्रिमरोज हिलची टेकडी लागते, तिच्यावरून सबंध लंडन दिसते. विद्यार्थ्यांनी हे अंतर चालतच जावे. नाटके, उपाहारगृहे, करमणुकी गरिबीमुळे ज्याला दूर होत्या, त्या विद्यार्थ्याला या शहराचा एक दरवाजा मात्र सदैव उघडा होता, आणि तो सर्वांत मोठा होता.

हे म्युझियम १७५३ साली स्थापन झाले, १७५९ मध्ये लोकांना खुले झाले, आणि आजही प्रवेशाला तिकीट नाही. त्याचे घुमटाखालचे गोल वाचनालय १८५७ सालचे. मार्क्सनेही तिथेच बसून वाचन केले. पुढे १९९७-९८ च्या सुमारास ग्रंथसंग्रह सेंट पॅन्क्रस येथील ब्रिटिश लायब्ररीत हलविण्यात आला. वस्तुसंग्रह मात्र जागच्या जागी आहे. आंध्रातील अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे तिथे पाहताना आपल्या विद्यार्थ्याला अभिमानही वाटतो आणि ‘ही इथे कशी आली?’ असा प्रश्नही पडतो. हा प्रश्न पडणे म्हणजेच इतिहासाचा खरा तास.

डिसेंबर २००१ पासून इंग्लंडमधील राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम दालनांना प्रवेश मोफत आहे. याउलट कोहिनूर पाहायला टॉवर ऑफ लंडनमध्ये जायचे तर चांगले भक्कम तिकीट पडते. खिसा हलका असलेला विद्यार्थी कोहिनूर सोडतो आणि अमरावती पाहतो. त्यात तो काही गमावतो असे मला वाटत नाही.

जाणत्यांशी मैत्री

मामेभावाच्या चौकडीत एक केरळचा, एक नायजेरियाचा, एक व्हिएतनामचा. केरळच्या मुलाशी बोलायलासुद्धा इंग्रजीच लागते, हे त्याला तिकडे गेल्यावर कळले. आपल्या मुलांचा तिकडे एक कल असतो. मराठी मराठीत, तेलुगू तेलुगूत, असे घोळके होतात. त्यात आधारही असतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे आणि गणपतीत तिथे गेले की घर आठवते. परंतु आठवड्याचे पाचही दिवस आणि वर शनिवार-रविवार आपल्यातच काढायचे असतील, तर विमानाचे भाडे कशाला भरले?

एकत्र प्रवासाचा धडा आपल्याला नवा नाही. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापूरला येते, वाटेत बेलवाडीला रिंगण होते. दिंडीची वर्गणी कशी गोळा करतात, राहुट्या कोण ठोकतो, मागे राहिलेल्यासाठी कोण थांबतो, हे आपण लहानपणापासून पाहतो. चार मित्रांच्या सहलीतही तेच नियम चालतात. एकाने तिकिटे काढायची, एकाने जेवणाचे पाहायचे, खर्चाची वाटणी त्याच रात्री पुरी करायची, आणि जो दमला त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचे.

या ठिकाणी इरावती कर्वे यांची आठवण होते. त्या १९२८ ते १९३० या काळात बर्लिनला शिकल्या आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मानवशास्त्र व समाजशास्त्राचे अध्यापन करू लागल्या. त्या वारीत दिंडीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी लिहिलेही. अभंग एकत्र म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसतात, हे त्यांना खुपले. वारी तर आपण दर वर्षी पाहतो. पण परका मुलूख पाहून आलेल्या डोळ्यांना घरचे न्यून चटकन दिसते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एकाच शेगडीवर नायजेरियाचा भात आणि आपले पिठले शिजते, तिथे कोण कोणाच्या हातचे खातो हा प्रश्न निघत नाही. तिथून परतलेला मुलगा गावातल्या पंगतीकडे वेगळ्या नजरेने पाहील, अशी आशा करायला हरकत नाही.

सभेत वावरणे

रविवारी सकाळी हाइड पार्कच्या ईशान्य कोपऱ्यात, मार्बल आर्चजवळ, वक्त्यांचा कोपरा भरतो. १८७२ सालच्या कायद्याने या उद्यानात जाहीर सभेला वाट मोकळी झाली. कोणीही यावे, खोक्यावर वा शिडीवर उभे राहावे आणि बोलावे. धर्म, राजकारण, शाकाहार, विषयाला तोटा नाही. देशाचा कायदा तिथेही लागू असतोच. पण बोलण्यासाठी आधी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. ऐकणारेही गप्प राहत नाहीत. वक्त्याला अडवितात, उलट प्रश्न विचारतात, आणि वक्ता तिथल्या तिथे उत्तर देतो.

आपल्या वर्गात सर “काही शंका?” म्हणतात तेव्हा काय होते, ते मी सांगायला नको. विशेषतः आम्ही मुली मान खाली घालून वहीत पाहतो. शंका असते, पण चारचौघांत तोंड उघडायची सवय नसते. ज्याच्या आईबापांनी तलाठ्यापुढे आणि बँकेपुढे हात जोडूनच बोलायचे, त्याला ही सवय घरातून कशी मिळावी? ती बाहेरच घ्यावी लागते. दहा मिनिटे त्या कोपऱ्यात उभे राहून परक्या भाषेत एक प्रश्न विचारला, तर ती कमाई एखाद्या पेपरातल्या दहा गुणांपेक्षा कमी नाही.

मुलींचे काय?

एथवर मी ‘मुलगा’ असेच लिहीत आले. परंतु विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्यासारख्या घरांत मुलीला परदेशी शिक्षण एक वेळ मिळेल, पण मैत्रिणींबरोबर दोन दिवस परक्या शहरात जायची परवानगी त्याहून अवघड. म्हणून तीन नावे आठवावीत. १८८३ या एकाच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला आणि अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. रखमाबाई १८८९ साली लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. ज्या लग्नाला त्यांची संमती नव्हती ते त्यांच्यावर लादण्यासाठी कोर्टात खटला चालला होता. त्यातून सुटून त्या शिकायला गेल्या आणि पुढे सुरत व राजकोट येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि वर्षाच्या आतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेत पोकीप्सी येथील दफनभूमीत, त्यांना मुलीसारखे वागविणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. न्यूयॉर्कहून हडसन नदीच्या काठाने आगगाडीने साधारण दोन तास. त्याच न्यूयॉर्कात कोलंबिया विद्यापीठ, जिथे बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना या दोन्ही जागा एका शनिवार-रविवारात पाहता येतील.

न दिसणारी भिंत

लेस्टरच्या चौकडीने एकदा पॅरिसचा बेत केला. लंडनहून समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी १९९४ पासून सुरू आहे. सुमारे सव्वादोन तासांत पॅरिस. त्यांच्या वर्गातली इंग्रज मुले शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी परत येतात. या चौघांचा बेत मात्र बारगळला. भारतीय पारपत्रावर इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला फ्रान्ससाठी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो. जून २०२४ पासून त्याचे शुल्क ९० युरो आहे, शिवाय अर्ज, कागदपत्रे आणि भेटीची तारीख. दोन दिवसांसाठी हा खटाटोप परवडत नाही.

उलट तोच विद्यार्थी जर्मनीत शिकत असता तर गोष्ट निराळी. शेंगेन करारातील २९ देशांपैकी एका देशाचा निवास परवाना असला, की इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत व्हिसाविना फिरता येते. बर्लिनहून प्राग, म्युनिकहून व्हिएन्ना, तिकीट काढायचे आणि निघायचे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिमित्रांनी विद्यापीठ निवडताना ही बाब ध्यानात ठेवावी. एका बाकावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या मधून अशी न दिसणारी भिंत जाते. ती भिंत गुणांची नसते, पारपत्राच्या रंगाची असते. हे कळणे हेही शिक्षणच, जरी ते कडू असले तरी.

आपल्या दारातले शहर

येथवर वाचून कोणी म्हणेल, लंडन राहू दे, आपल्यापैकी किती जण तिकडे जाणार? रास्त आहे. परंतु शहर पाहण्याची सवय लंडनला सुरू होत नाही. बारामतीहून पुणे शंभर किलोमीटर. आपण पुण्याला जातो ते दवाखान्यात, कोर्टात, परीक्षेला किंवा लग्नाच्या बस्त्याला. काम झाले की स्वारगेट आणि परत. पुणे ‘पाहिले’ असे आपल्यापैकी किती जण म्हणू शकतील?

वास्तविक दोन दिवसांत खूप होते. गंज पेठेत महात्मा फुल्यांचा वाडा आहे. बुधवार पेठेत भिडे वाड्याची जागा आहे, जिथे १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली. जुनी इमारत डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आली. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दौती पाहताना आपल्याच आजीच्या फडताळातल्या वस्तू मोलाच्या होत्या हे उमगते. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर संस्थेत हस्तलिखिते कशी जपतात ते पाहावे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धेच तिकीट आहे, तेव्हा मुलींच्या सहलीचा खर्च मुलांपेक्षा कमी! लांबचा बेत असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे.

माझी प्राध्यापकवर्गाला एक विनंती आहे. वर्षातून एकदा पन्नास जणांची बस भरून, डबे उघडून, गाणी म्हणत जाणारी सहल असतेच, ती असावीही. तिच्या जोडीला चार-चार विद्यार्थ्यांचे गट करून त्यांना एका शनिवार-रविवारी पुण्याला धाडावे. बेत त्यांनीच आखावा, हिशेब त्यांनीच ठेवावा, पाहायच्या जागा त्यांनीच निवडाव्यात, एखाद्या जाहीर व्याख्यानाला बसून किमान एक प्रश्न विचारावा, आणि सोमवारी वर्गासमोर उभे राहून पाच मिनिटे सांगावे. मुलींच्या गटाबरोबर एखाद्या मॅडम असाव्यात, म्हणजे घरची परवानगी सुकर होईल. खर्च फार नाही. पहिल्या गटात नाव द्यायला मी तयार आहे, आणखी तीन मैत्रिणी हव्या आहेत.